कोरडे चार सेकंद

सोहारच्या सनायात, नवव्या गल्लीत,
दुपारचे अडीच. पत्र्याखाली सेहेचाळीस.
पाण्याचा टँकर मान पुढे टाकून उभा,
पोटातलं जुनं तेल काकवीच्या धारेनं
परातीत उतरतंय,
आणि माझ्या हातात नवा फिल्टर,
तोंड वर,
रिकामा.

सोलकरचाचा म्हणतात, भर.
एकतीस वर्षं या गल्लीत.
"आजारी माणसाला उठवून बसवतोस
तर आधी घोटभर पाजतोस की नाही?
मग इंजिनाने काय घोडं मारलंय?"

थंकच्चन म्हणतो, नको.
कंपनीचं पुस्तक उघडतो, कोपरानं पान दाबतो:
आधी भरू नये. ठळक अक्षरात.
मधल्या भोकातून ओतलेलं तेल
गाळून जात नाही, तुळसकर,
थेट बेअरिंगवर जातं.
डब्यात जे असेल ते, नरसाळ्यात जे असेल ते.

"मग मधलं भोक अंगठ्यानं दाब," चाचा म्हणतात,
"कडेच्या बारीक भोकांतून ओत.
कागद पितो. थांब. परत ओत.
कागदाला घाई नसते, ती तुम्हा पोरांना."

दोघांचंही खरं आहे.
पंचाईत तिथेच आहे.

सावंतवाडीच्या डेपोत मी
कधी भरले, कधी तसेच लावले.
कोणी विचारलं नाही.
त्यातल्या काही गाड्या चालतायत, काही भंगारात गेल्या,
आणि दोन्हींचं कारण
मला ठाऊक नाही.

रिकामा लावला तर लाल दिवा विझायला
सहा सेकंद. भरलेला लावला तर दोन.
भांडण आहे ते मधल्या चारांचं.
या चारांवर किती सुलेमानी चहा झाला असेल इथे,
किती वेळा थंकच्चननं डबा न खाता झाकला.
इथे आल्यावर पहिला फोन घरी लावला
तेव्हा पलीकडे उचलल्याचा आवाज झाला
आणि मग बोलणं यायला तेवढाच वेळ गेला.
तेवढ्यात काय झिजलं,
त्याला गेज नाही.

तर मी अंगठा दाबला. कडेनं ओतलं.
कागद प्यायला. परत ओतलं.
आणि तिसऱ्या वेळी गुबार उठला,
बंदराच्या रस्त्याकडून, बदामी रंगाचा,
रिकामे कॅन लोटत आला.
मी तळवा झाकला. उशीर झाला होता.
तेलावर एक कण.
बुडत नव्हता, पोहतही नव्हता,
नुसता बसला होता, मालकासारखा.

चाचांनी बघितलं. थंकच्चननं बघितलं.
कोणी काही म्हणालं नाही.

मी अख्खं तेल फुटक्या डब्यात उपडं केलं.
फिल्टरही बाजूला ठेवला, दुसरा फोडला.
रबराच्या कडीला बोटभर तेल चोळलं,
हातानंच फिरवला, टेकला, वर पाऊण फेरा.
नवं तेल वरून भरलं, काडी बघितली.
मग डिझेल बंद करणाऱ्या कॉइलची वायर काढली
आणि गुल रहीमला हाक दिली: सेल्फ मार.

इंजिन फिरलं, पेटलं नाही.
घुर्र. घुर्र. पुरे. दम खाऊ दे. परत मार.
काटा जागचा हलेना.
परत.
काटा थरथरला,
मग झोपेतून उठल्यासारखा चढला.
दिवा विझला. तेव्हा मी वायर लावली.

पहिल्याच हाकेला धरलं.
गुल रहीम खिडकीतून वाकून विचारतो, कोण जिंकलं?
त्याला बिलाची घाई, शेठ दोनदा फोन करून गेला.
बिलात फिल्टर एकच लावला. दुसरा माझ्या पगारातून.

फुटक्या डब्यातलं ते तेल, लिटरभर,
एका कणापायी बाद झालेलं,
चाचांनी उचललं, काही न बोलता
शटरच्या दोन्ही पन्हाळींत सोडलं,
वरपासून खालपर्यंत, चिंधीनं.

रात्री साडेनऊला शटर ओढलं
तर ते आलं खाली, आवाज न करता.
आम्ही तिघांनी एकदम वर बघितलं.