काशाचा रंग

झुंबर आव्हाडने खाद्याच्या गोणीत
तीन कोंबड्या आणल्या, दुबेऱ्याहून स्कूटरवर.
तुरे मेणासारखे. शेपटीखाली
गंधकासारखं पिवळं वाळलेलं.
"काल चाळीस गेल्या, बाई. आज मोजल्या नाहीत."

पहिली उताणी घेतली, कात्री लावली.
यकृत दुप्पट सुजलेलं, ठिसूळ,
आणि हवा लागली तशी त्यावर
हिरवट तपकिरी झाक चढत गेली.
पुस्तकात लिहितात, ब्रॉंझ.
मी नाशकातल्या तांबट आळीची;
वर्षभर चिंच न लागलेलं काशाचं ताट
मला कुणी शिकवायला नको.

बशीत काडी फिरवली,
सदतीस अंशांवर रात्रभर ठेवली.
सकाळी बारीक, बिनरंगी थेंब,
चूळ भरताना आरशावर उडतात तसे.
भिंगाखाली हलत नव्हते.
साल्मोनेलाची बाकी भावंडं शेपट्या हलवत पोहतात.
याला शेपूटच नाही.
याला कुणीतरी न्यावं लागतं.

उंदीर, म्हटलं मी झुंबरला. अंड्यांचे ट्रे. खाद्याची गाडी.
नाहीतर पिल्लंच घेऊन आली असतील अंड्यातून.
लिहून दिलं: खोल खड्डा, चुना,
शेडच्या दारात पाय बुडवायला औषधाचं घमेलं.
तो कागद बघत राहिला.
"दारात कुणी आलंच नाही, बाई.
तुम्ही तेवढ्या. लस द्यायला, त्या मंगळवारी."

त्या मंगळवारी मी आधी ठाणगावला होते.
तिथेही तुरे फिके होते. उन्हानं, म्हटलं होतं.
गमबूट धुतले का मधे?
आठवतं, धुतले.
आठवतं, जीपमधली बादली कोरडी होती.
दोन्ही आठवतं.

रात्री दादा काशाची वाटी घेऊन बसले.
"पाय दे इकडे. डोळे बघ कसे झालेत."
तूप लावून तळव्यावर वाटी फिरवत राहिले,
हातोडीनं वाकडी केलेली ती बोटं.
वाटीखालून काळं येत राहिलं.
"किती साठलंय गं."
आणि पुसून पुन्हा फिरवायला लागले.
"उष्णता आहे."

मी पाय ओढून घेतला नाही.

गमबूट अजून जीपमध्येच आहेत.
सकाळी दोन्ही तळांवरून काडी फिरवणार,
बशीत ओढणार,
आणि झाकणावर, जिथे मालकाचं नाव लिहितात,
तिथे माझं.