तीन पुरुष पाणी

माझ्या दुकानात पडदे दोन.
एक पांढरा, पासपोर्टसाठी.
दुसऱ्यावर धबधबा, हंसांची जोडी
आणि नारळाचं झाड,
जे मोयनाकमध्ये कुणी जन्मात पाहिलेलं नाही.

एकतीस वर्षं तेच म्हणतेय:
हनुवटी जरा वर. खांदे सैल. हसू नका.
मी काढलेला चेहरा खिशात घालून
एकेक जण निघाला,
कुणी अकताऊला, कुणी ओरेनबर्गला.
समुद्र आधी गेला, हे खरं,
पण माणसं गेली ती माझ्या हातून,
सहा सहा प्रतींत.

आणि माझा स्वतःचा फोटो?
दिव्याखाली अंधार.
लग्नातला एक आहे,
त्यात माझ्या तोंडावर सासूबाईंच्या रुमालाचं टोक.

मार्चमध्ये जोल्मुरातने कॅमेरा धाडला.
फोनवर म्हणाला, आई, यात दहा सेकंदांची सोय आहे.
कसली सोय?
बटण दाबून स्वतः पुढे पळायची.

कल्लीबेकच्या साइडकारमध्ये
तिकाटणं मांडीवर आडवं घेऊन निघाले.
तो सवयीने जहाजांकडे वळला,
पाहुणे तिकडेच उतरतात.
म्हटलं, जहाजं नकोत,
त्या गंजाला आता पोज द्यायची सवय झालीय.
सरळ घे. बाबांच्या जागेकडे.

पाणी होतं तेव्हा बाबा जागा कशी ओळखायचे?
कारखान्याची चिमणी
पाण्याच्या टाकीमागे लपली, की होडी थांबवायची.
वल्हं आत सोडून सांगायचे,
इथं तीन पुरुष पाणी.
मी सात वर्षांची,
काठावर पोट टेकवून
हिरव्या अंधारात बघायची.

टाकी अजून आहे.
चिमणी अर्धी.
कल्लीबेक वैतागेपर्यंत
मी त्याला मागेपुढे करायला लावलं.
डावीकडे. अजून. थांब.

साक्सौलची झुडपं, मीठ,
शिंपल्यांचा चुरा बुटाखाली करकरतोय,
दूर उस्तर्तची कड, सुरीने कापल्यासारखी.
एकतीस वर्षं पडद्यासमोर माणूस बसवला.
इथे पडदाच आधी आला होता
आणि माझी वाट बघत होता.

पहिल्या फोटोत माझी पाठ, पळणारी.
दुसऱ्यात नुसता धुरळा.
तिसऱ्यात पोचले वेळेत,
वळले, उभी राहिले,
आणि काय बघते तर
हनुवटी वर, खांदे सैल, हसू नाही.
कुठे निघाले होते मी?

मग वारा सुटला, डोळ्यांत मीठ.
कल्लीबेक ओरडला, बाई, आवरा.
एकदाच शेवटचं म्हणून बटण दाबलं, धावले,
तर बुटात शिंपला टोचला.
वाकले काढायला.
खट्.

तो फोटो बघा.
खाली एक बाई, वाकलेली, नखाएवढी,
एक बूट हातात.
वर सगळी फ्रेम रिकामी.
गिऱ्हाइकाचा असता तर डोक्याशी कापला असता.
रात्री दुकानात, लाल चहा गार होईस्तोवर
बघत बसले, आणि मग दिसलं:
तळाशी उभं राहिलं, की माणूस एक पुरुष.
उरलेलं दोन पुरुष पाणी
माझ्या डोक्यावर होतं,
ते जसंच्या तसं फोटोत आलंय.
मी वाकलेली,
म्हणजे दोनाहून थोडं जास्तच.

हंसांच्या शेजारी लावलाय.
काल बीबीजमालची नात आली,
सहा प्रती, ओरेनबर्ग.
म्हणाली, यात तुम्ही ओळखूच येत नाही,
काय शोधताय?
म्हटलं, काही नाही, बूट घालतेय.

तिला पांढऱ्या पडद्यापुढे बसवली.
हनुवटी वर. खांदे सैल.
सहा प्रतींचं काम झालं,
आणि तोंडातून गेलं, आता हस.
हसून चालत नाही ना पासपोर्टला?
चालत नाही.
हा मला.

शुक्रवारी पुन्हा जायचंय.
सकाळच्या उजेडात टाकीची सावली कुठे पडते, बघायचंय.
कल्लीबेकने या वेळी
पेट्रोलचे पैसे आधीच मागून ठेवलेत.