किती चालता?

"किती चालता?" विचारलं की सगळे खोटं सांगतात.
पुरुष दोन मैल वाढवून,
बायका दोन झाकून.
म्हणून मी बघतो, मालवणची रिक्षा थांबल्यावर
उतरताना कोण आधी कशाला धरतं.

आमच्या तळ्याला वाटा तीन.
बांधावरची सपाट. चाकाची खुर्चीसुद्धा जाते,
फक्त सांडव्याजवळ दोघांनी उचलायची.
दुसरी पोफळीच्या बागेतून, पाटाच्या कडेने,
शेवाळ आलं की चपला हातात.
तिसरी कातळावर चढते.
तिथून तळं तळहाताएवढं,
आणि बाटलीतलं पाणी तोवर संपलेलं.

काल इनास डान्टस आला, गुडघा नवा बसवलेला.
बांध नको म्हणाला.
"सपाटीवर माका झोप येता."
बायको माझ्याकडे बघत राहिली, मी चपलांकडे.

बागेतून नेलं.
एक पोफळ सोडायची, दुसरी धरायची,
मधे उभं राहून कोणाचा तरी जुना किस्सा.
धडधाकट पोरं कातळ उतरून आली,
सोलकढी प्यायली, आडवी झाली.
हा अजून येतच होता.

आला तो सांगत,
पाणकावळा बुडी मारतो ना,
एकवीस अंक होतात वर यायला.
तीनदा मोजले.

माझ्या वहीत प्रत्येक वाटेपुढे वेळ लिहिलेला आहे.
बागेपुढचा रात्री खोडला.
नवा अजून घातला नाही.