दीड मोजेपर्यंत

थेल्मा ऑर्मरॉड मुळात काडीसारखी.
तिचं पोट मी शिवलं.
पोट, पार्श्वभाग, दंडांची जाडी,
सगळं माझ्या हातचं,
चार रतल कापूस आणि गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड.
मोरकॅमच्या धक्क्यावरचं ते थिएटर,
फळ्यांच्या फटींतून खाली समुद्र दिसायचा
आणि भरतीच्या वेळी विनोद ओरडून सांगावे लागायचे.
"आज जरा जास्तच जेवलेय, नाडी सैल सोड," ती म्हणायची.
सकाळपासून पोटात एक टोस्ट.

फ्लीटवुडची. बाप, भाऊ, मामे, सगळे बोटींवर.
चौदाव्या वर्षी ती माशांना धुरी देणाऱ्या कारखान्यात लागली.
हातांचा वास पुढे लिंबानं गेला नाही, सोड्यानं गेला नाही.
एकदा राणीची दासी झाली होती,
तर राजा मुकुट सावरत कानात म्हणाला,
"बोटी आल्या वाटतं."
चेहऱ्याबद्दल तिचं तीच सांगायची:
देवानं आधी नाक बसवलं,
मग दमला, बाकीचं उद्यावर ढकललं.

नायिका व्हावंसं नाही वाटलं कधी?
मी विचारलं तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती,
म्हणजे दोरा सुईच्या आजूबाजूला फिरवत होती.
म्हणाली, "नायिकेला तिसऱ्या अंकात रडावं लागतं.
मी दुसऱ्यातच सुटते.
चिप्सचं दुकान उघडं असतं."

मग ओल्डमचा तो जानेवारी.
बुधवारी दोन खेळ, मधे तार.
'लेडी बेरिल' आइसलंडच्या वरच्या अंगाला,
आणि विल्फ तिच्यावर स्वयंपाकी.
तिनं वाचली, चार घड्या घातल्या,
पोटाला मी एक खिसा ठेवला होता
खोकल्याच्या गोळ्यांसाठी, त्यात सरकवली.
"मागून बंद कर," म्हणाली.
मी बंद केलं. आणखी काय करणार होते?

प्रवेश नेहमीचा. ट्रे, सहा कप.
ती "चहा" म्हणते आणि ट्रे पडतो.
अकरा आठवडे तस्साच पडत होता.
त्या रात्री ती "चहा" म्हणाली
आणि उभी राहिली.
एक.
आणि अर्धा.
मग पडला.
बाल्कनीतला एक गृहस्थ खुर्चीवरून खाली आला हसता हसता,
त्याला बाहेर न्यावं लागलं.

तेव्हापासून तो दीड तिच्याबरोबर राहिला.
मँचेस्टरच्या पेपरनं त्यावर अर्धा रकाना लिहिला,
नाटकशाळेची पोरं विंगेत बोटं मोडून मोजायची.
टेलिव्हिजनवर एकतीस वर्षं:
घरमालकीण, नर्स, दुसरी शेजारीण,
बस-स्टॉपवरची बाई.
शेवटच्या नामावळीत तिचं नाव
घोडा सांभाळणाऱ्याच्या खाली.

एकदा धीर केला मी. म्हटलं,
ते थांबणं म्हणजे विल्फच ना गं?
"खुळी आहेस. कथा रचू नकोस.
त्या ट्रेला कड होती, कप अडकले."

कड नव्हती.
तो ट्रे रोज मीच पुसायचे.

गेल्या मार्चमध्ये ती गेली. दहनाला नऊ माणसं,
त्यातला एक चुकून आलेला, पण शेवटपर्यंत बसला.
भाच्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत पोट आणून दिलं,
"हे काय आहे कळत नाही. टाकू का?"

खिसा शिवून बंद केलेला होता.
टाके माझे नव्हते.
मोठे, तिरके, दोन ठिकाणी गाठीवर गाठ,
शिवण तिला कधी जमलीच नाही.
उसवला नाही मी.

दुपारी जुन्या मालिका लागतात.
पोट पाठीशी घेऊन बसते, कंबरेला बरं वाटतं.
ती ट्रे घेऊन येते. मी आवाज बंद करते.
एक, आणि

हसू येतं मला.
दर वेळी. अजूनही.
लाज वाटते, पण येतं.