हाताची घडी

ग्लेनिस मंगळवारी येते, साडेदहाला.
बाटलीच्या रंगाची हिरवी पँट, पांढरा सदरा
आणि पिशवीत आमचं नवं घर:
खुर्चीच्या पायांना चढवायचे चार ठोकळे,
ताट न सरकू देणारं निळं रबर,
खिळे मारलेली एक पाटी.
बटाटा खिळ्यावर रोवायचा, एका हातानं सोलायचा.

डर्बीच्या रेल्वे कारखान्यात एकतीस वर्षं
मी डब्यांचे आराखडे काढले.
दांडा कुठे हवा, पायरी किती उंच,
माणूस धरेल कुठे, घसरेल कुठे, हे मला कळतं.
तरी न्हाणीतला दांडा तिनं चार इंच खाली घ्यायला लावला.
"तुमच्या उंचीला लावलाय तुम्ही," म्हणाली,
"धरायचाय त्यांना."

शालनचा डावा हात मार्चपासून पाहुणा आहे.
मांडीवर बसून असतो, काही मागत नाही.
ताटातली डावीकडची भाजी तिला दिसायचीच नाही,
मग मी ताट फिरवायचो.
ब्लाउज मी चढवायचो, वेणी मी घालायचो,
वाईट घालायचो.
बरं चाललंय, असं मला वाटायचं.
सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
मी घरात उपयोगाचा होतो.

पहिल्याच दिवशी ग्लेनिसनं विचारलं,
मिसेस गुप्ते, तुम्हाला काय करायचंय?
मी म्हटलं, तिला जिना चढायचाय.
मी म्हटलं, तिला देवळात, नॉर्मंटनच्या बाजारात...
ग्लेनिस माझ्याकडे बघतच नव्हती.
शालननं भिंतीकडे बघत, जड जिभेनं सांगितलं:
"मला संडासला एकटीनं जायचंय.
हा दाराबाहेर हवा."
हे ती इंग्रजीत म्हणाली.
भांडताना ती कधीच इंग्रजी वापरत नाही.

त्यानंतरचा धडा माझा.
दुबळा हात बाहीत आधी, काढताना दुबळा शेवटी,
हे तिच्यासाठी.
माझ्यासाठी एवढंच: हात खिशात.
स्वेटरला पाच बटणं, पहिल्या दिवशी बावीस मिनिटं.
तिसऱ्या बटणाशी काज निसटतं,
अंगठा त्याच्या मागे जातो, रिकामा परत येतो,
आणि खिशात माझी बोटं
किल्ल्यांशी झटापट करतात.
सहाव्या मिनिटाला मी पुढे झालो.
तेव्हा शालन, जिनं लग्नाआधी साताऱ्याला
नगरपालिकेच्या शाळेत दोन वर्षं पहिली सांभाळली,
वर न बघता म्हणाली,
"हाताची घडी."
मी घातली.
"तोंडावर बोट."
ग्लेनिसला त्यातलं काही कळलं नाही,
पण तिनं काहीतरी टिपून घेतलं.

सोपं नाही हे.
जूनमध्ये दूध दोनदा उतू गेलं,
एकदा कोथिंबिरीसोबत नखही चिरलं.
ती फळीवरून घसरली, रडलो मी.
आणि शेजारच्या मिसेस ऑल्सॉपना खिडकीतून दिसतं ते असं:
बाई एका हातानं, दातात चिमटा धरून, टॉवेल वाळत घालतेय
आणि नवरा गवतावर हाताची घडी घालून उभा.
त्यांनी मला गुड मॉर्निंग म्हणणं सोडलंय.

आज गुरुवार. ग्लेनिसचा दिवस नव्हे.
ती उठली. काठी, चौकट, दांडा.
दार लागलं.
आतून कडी लावायची नाही, असं बजावलेलं आहे.
कडी लागली.

मी पॅसेजमध्ये.
नवा डबा पहिल्यांदा रुळावर उतरायचा
तेव्हाही आम्ही आराखडेवाले यार्डात असेच उभे असायचो,
हातात पेन्सिलसुद्धा नसायची.
आत नळ सुरू झाला. बंद झाला.
मग बराच वेळ काही नाही.
बराच म्हणजे किती, ते मी सांगणार नाही.

मग कडी.
वरचंच बटण चुकलेलं,
म्हणून सगळी रांग एक घर खाली,
गळ्याशी एक काज उपाशी.
मी पाहिलं.
मी पाहिलेलं तिनं पाहिलं.
"चल," म्हणाली, "ब्रेड संपलाय."