चार लिटर

चिंचलीच्या जनावरांच्या बाजारात तिसऱ्यांदा गेलो
तेव्हा नेमगोंडानं वही खिशातून काढलीच नाही.
वहीत दोन रकाने.
एचएफ: वीस लिटर. खाली पेंड, पंखा, रबरी मॅट, डॉक्टर.
दुसरा कोराच, वर नुसतं 'कृष्णाकाठची'.

माझा भाऊ म्हणाला, चार लिटरसाठी कोण गाय बांधतं?
डेअरीतला पोरगा फॅटचं मशीन पुसत हसला.
म्हटलं, घरात माणसं तीन.
चहा, ताक, आठवड्याला वाटीभर तूप.
उरलेलं काय दूधगंगेत ओतू?

खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं.
गेल्या थंडीत सदलग्याच्या पुलाखाली
काळा-पांढरा गोऱ्हा सापडला, नाळ अजून ओली,
पहाटे कुणीतरी टेंपोतून उतरवलेला.
गोऱ्ह्याला लिटर नसतात.
दोन दिवस बाटलीनं पाजला.
तिसऱ्या दिवशी बाटली धुऊन ठेवली.

लगमण्णाची गाय पांढरी, मानेवर राखेची झाक,
कपाळ फुगीर, गळ्याखालची पोळी गुडघ्याकडे निघालेली.
नेमगोंडानं खूर दाबून पाहिले, मी दात.
"एष्टु हालु?"
"नाल्कु," लगमण्णा म्हणाला.
मग गायीकडं बघून स्वतःच खाली आला, "मूरूवरे."
आणि मराठीत, जरा रागानंच:
"पर हिचा थोरला पाडा काळ्या रानात,
गुडघाभर राड्यात औत वढतोय.
ट्रॅक्टर रुतलेला म्या बघितलाय. त्यो न्हाई."

टॉवेलाखाली दोघांची बोटं बराच वेळ बोलली.
माझा चहा गार झाला. दुसरा घेतला.

घरी आणली तर फाटकातच उभी.
ये, ये म्हटलं. ढिम्म.
हाळी दिली, गूळ दाखवला, नेमगोंडानं मागून रेटली.
आतून सासूबाई, धुणं न सोडता:
"बारव्वा, बा!"
तशी आली सरळ,
अंगणात वाळत घातलेली तंबाखू
चारही पायांनी चुकवत.

आज सकाळी सव्वातीन.
वही बघायला कुणी नव्हतं,
तरी सव्वातीनच लिहिलं.

ती चार महिन्यांची गाभण आहे.
काय होईल ते होवो, असं आम्ही दोघंही म्हणतो.
गोठ्यात खुंटे मात्र दोन ठोकलेत,
आणि धाकटा
नेमगोंडानं
हातभर जास्तच खोल घातलाय.