मापात पाप

सानचोंगच्या गल्लीत, पत्रा वाकवायच्या दुकानात
ल्याव मिस्त्री सुपारी गालात सरकवून विचारतात,
"अजून किती लहान?"
मी पुठ्ठ्याचा डबा त्यांच्या पुढ्यात ठेवते.
पाचवा. आधीचे चार घरी
चपलांच्या फळीवर, एकात एक.

नऊ लिटर आठशे.
दूध मोजावं तशी आम्ही
डब्यातली पोकळी मोजतो.

एका अंगाला मदरबोर्ड, दुसऱ्या अंगाला ग्राफिक्स कार्ड,
मध्ये पत्र्याची एकच भिंत.
भांडून, पाठीला पाठ लावून झोपलेलं जोडपं,
आणि भिंतीखालून गेलेली चपटी रायझर केबल,
तेवढंच काय ते बोलणं चालू.

वायरींना वळायला चार बोटं लागतात. आहेत तीन.
कूलर सदुसष्ट मिलिमीटर; सत्तरची सोय करावी
तर जवळजवळ पाव लिटर वाढतो,
आणि पाव लिटरपायी ही माणसं रात्र रात्र जागतात.
ही माणसं म्हणजे कोण,
मीच.

ताम्पेरेहून वाल्टेरी लिहितो:
तुमच्या मापाचा डबा कापून आठवडाभर टेबलावर ठेवला,
मांजर त्यावर बसतं, दिसतो छान,
पण माझं कार्ड तीनशे बारा आहे, तुमची जागा तीनशे दहा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथे पाय आधी येतात खोक्यातून
आणि अंथरूण मागाहून शिवायचं.

बुसानच्या ओक बाई नर्स आहेत. त्यांचं पत्र दोन ओळींचं:
रात्रपाळीहून आल्यावर दिवे नकोत, काच नको.
बटण एकच असावं. आवाज नसावा.
लिटर त्यांनी विचारलेच नाहीत.

"दोन मिलिमीटर तर हवेत," मी म्हणते,
"पडद्यावर आकडा बदलला की झालं."
मिस्त्री भंगारातली पट्टी उचलतात, यंत्राखाली धरतात,
पाय दाबतात.
वाकलेला कोपरा अजून कोमट असतो माझ्या तळहातावर.
"बोट फिरव. गोल लागतो ना?
पत्रा वळताना जागा खातो, पोरी.
काटकोन फक्त तुझ्या पडद्यावर."

मापात पाप असतंच.
नकाशाच्या कडेला आम्ही ते आधीच कबूल करतो:
अधिक-उणे शून्य दशांश दोन.

जेवणाच्या सुट्टीत गल्लीच्या टोकाला जाते.
तिथे भूमिदेवाची देवळी आहे, कमरेएवढी,
आत देव, लाल दिवा, संत्री, आणि कुणीतरी लावलेला
टेबलावरचा छोटा पंखा.
सगळं मावलंय. कुठेही दाटी नाही.
धूर समोरून आत ओढला जातो
आणि छपराच्या फटीतून सरळ निघतो,
जणू त्याला घरचा रस्ता माहीत आहे.

चंद्रकोरीसारखी दोन लाकडं टाकून देवाला विचारलं.
हो म्हणाला.
पेटती उदबत्ती घेऊन परत आले,
पुठ्ठ्याच्या डब्यात पंखा लावला, धूर सोडला.

मागच्या कोपऱ्यात, पॉवर सप्लायच्या कुशीत,
जिथे मी पाच मिलिमीटर वाचवून स्वतःची पाठ थोपटली होती,
तिथे तो गोळा होऊन बसला.
वाट विचारणाऱ्या परगावच्या माणसासारखा
एकदा इकडे, एकदा तिकडे.
मिस्त्रीही वाकून बघत होते.
सुपारी चघळायची थांबली होती.

पाच परत दिले.
भोकांची एक रांग वाढली.
दहा लिटर शंभर.
दहाच्या वर गेलं की लोक नावं ठेवतात,
यादीच्या दुसऱ्या पानावर ढकलतात.
वाल्टेरीचं कार्ड आता बसतं, वर तीन मिलिमीटर शिल्लक.
मांजराला काही फरक पडणार नाही.

सहावा डबा कापला, चिकटवला, मोजला.
मिस्त्रींनी टेप लावली, पुन्हा लावली,
मग माझ्याकडे पाहिलं.
"हा तर चौथ्याएवढाच की.
मग चौथाच का नाही केलास?"

मी टेबलावरची राख
हाताने गोळा करत राहते.